धर्मग्रामाचे मैदान आणि ऑलिंपिकचे पदक

ऑलिंपिकच्या इतिहासात फुटबॉलचा एक असा संघ आहे की, ज्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल केला नाही आणि तरीही ज्याच्या नावापुढे कांस्यपदकाची नोंद झाली. हा संघ कोणा राष्ट्राचा नव्हता, की कोणा धनाढ्य क्लबाचा नव्हता. तो एका धर्मग्रामाचा संघ होता. अमेरिकेतील सेंट लुईस या शहरात लिमाच्या संत रोझ हिच्या नावाचे एक धर्मग्राम होते. तेथील तरुणांनी १९०४ साली हे पदक मिळविले. ज्यांच्या घरी फुटबॉलवेडी मुले आहेत, आणि गोव्यात तरी अशा मुलांवाचून घर विरळाच, त्या वाचकांना ही हकीकत ऐकून हसू येईल. हसावे अशीच ती आहे. परंतु त्या गोलशून्य संघाच्या मागे एका शहराची शंभर वर्षांची कथा उभी आहे, आणि ती आपण ग्रामवासी कुटुंबांनी समजून घ्यावी अशी आहे.

सेंट लुईस हे मिसिसिपी नदीच्या काठचे शहर. १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी ते वसविले आणि फ्रान्सचा राजा संत लुई याचे नाव त्याला दिले. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडातून व जर्मनीतून पोटासाठी आलेल्या लोकांनी ते भरून गेले. आयरिश मजुरांच्या एका वस्तीला तर ‘केरी पॅच’ असेच नाव पडले. केरी हा आयर्लंडातील एक परगणा. ह्या लोकांची घरे लहान, कुटुंबे मोठी आणि मिळकत तुटपुंजी. त्यांच्या जीवनाचा मध्यबिंदू म्हणजे धर्मग्राम. मुलांची शाळा तेथे, लग्ने व नामकरणे तेथे, आणि तरुणांच्या सोडॅलिटीची सभाही तेथेच. अशा सोडॅलिट्यांतून फुटबॉलचे संघ उभे राहिले. ह्याचे कारण अगदी साधे आहे. उन्हाळ्यात त्या देशात बेसबॉल चाले. हिवाळ्यात तरुणांना काही उद्योग हवा होता. फुटबॉलला एक चेंडू आणि एक मोकळी जागा एवढेच पुरते. सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवार तेवढा मोकळा. मिस्सा आटोपली, जेवण झाले, की सारी वस्ती मैदानाच्या कडेला जमे.

१९०४ साली ह्या शहरात जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याच्याच जोडीला ऑलिंपिक क्रीडास्पर्धाही तेथे आल्या. समुद्र ओलांडून इतक्या दूर येणे युरोपातील खेळाडूंना परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे बहुतेक खेळांत अमेरिकेचेच लोक एकमेकांशी झुंजले. फुटबॉलसाठी नोव्हेंबर महिन्यात अवघे तीन संघ उतरले. एक कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या गाल्ट गावचा क्लब. दुसरा ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेजचा. हे कॉलेज म्हणजे संत जॉन बाप्टिस्ट द ला साल ह्यांनी स्थापिलेल्या व्रतस्थ बंधूंची शाळा. तिसरा आपला सेंट रोझचा. म्हणजे यजमान शहराच्या बाजूने जे दोन संघ उभे राहिले, त्यांतील एक व्रतस्थ बंधूंच्या शाळेचा आणि दुसरा धर्मग्रामाचा.

१६ नोव्हेंबरला गाल्टने कॉलेजच्या संघाचा ७–० असा धुव्वा उडविला. दुसऱ्या दिवशी सेंट रोझचा ४–० असा पराभव झाला. कॅनडाचे लोक सुवर्णपदक घेऊन मोकळे झाले. दुसऱ्या क्रमांकासाठी शहरातील दोन संघांची आपसात गाठ पडली. पण ती लवकर सुटेना. पहिला सामना ०–० असा बरोबरीत सुटला. पुन्हा खेळले, पुन्हा ०–०. अखेर २३ नोव्हेंबरला कॉलेजने २–० असा विजय मिळवून रौप्यपदक घेतले. कॉलेजच्या संघात चार्ल्स, जॉन आणि थॉमस जॅन्युअरी असे तीन सख्खे भाऊ होते. त्यांच्या घरी त्या रात्री काय आनंद झाला असेल, ह्याची कल्पना मोठ्या कुटुंबात वाढलेल्या वाचकांनीच करावी. सेंट रोझच्या वाट्याला चार सामने आले, एकही गोल झाला नाही आणि तरीही कांस्यपदक मिळाले. कारण स्पर्धेत चौथा संघच नव्हता.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ, ज्याला आपण ‘फिफा’ म्हणून ओळखतो, १९०४ सालची ही स्पर्धा आपल्या हिशोबात धरत नाही. ऑलिंपिक समिती मात्र ती धरते. त्या वादात आपण पडावयास नको. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच की, दोन सामन्यांत मिळून ज्या शहराच्या दोन संघांनी परक्या पाहुण्यांवर एकही गोल केला नाही, त्या शहराने पुढे काय केले.

त्याने मैदाने बंद केली नाहीत. १९०७ साली तेथे धंदेवाईक फुटबॉलची संघटना सुरू झाली आणि तीन दशकांहून अधिक काळ टिकली. तिच्यातील आरंभीच्या बलाढ्य संघांपैकी सेंट लिओ हा एका धर्मग्रामाच्या सोडॅलिटीतूनच निघालेला होता. पुढे शहरातील व्यापारी पेढ्या संघांना पैसा पुरवू लागल्या आणि संघांना त्यांची नावे मिळाली. ती नावे वाचताना मौज वाटते. टोप्या बनविणाऱ्या बेन मिलर पेढीचा संघ ‘बेन मिलर्स’. मोटारी विकणाऱ्या दुकानाचा ‘सिम्पकिन्स-फोर्ड’. कापडचोपड व घरसामान विकणाऱ्या मोठ्या दुकानाचा ‘स्टिक्स, बेअर अँड फुलर’. आणि अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या पेढीचा ‘कूटिस’. टोपी, मोटार, कापड आणि शवपेटी, अशी जन्मापासून मरणापर्यंतची सारी सोय ह्या संघांच्या नावांतच झाली!

परंतु नावे दुकानांची असली, तरी मुले वस्तीचीच होती. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठे संघ स्कॉटलंड व इंग्लंडहून तयार खेळाडू आणीत. सेंट लुईसचे संघ मुख्यतः शहरात जन्मलेल्या मुलांवर चालत. १९२० साली बेन मिलर्सने राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात मॅसॅच्युसेट्सच्या फोर रिव्हर संघाला २–१ असे हरविले आणि हा चषक पहिल्यांदाच पूर्व किनाऱ्याबाहेर गेला. १९३० साली उरुग्वे देशात पहिली जागतिक चषकस्पर्धा झाली, तेव्हा अमेरिकेच्या संघात बेन मिलर्सचा राफेल ट्रेसी होता. उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध त्याचा पाय मोडला. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. अमेरिकेला अपुऱ्या संघानिशी खेळावे लागले आणि तो सामना ६–१ असा गेला.

ह्या कथेतील सर्वांत उजळ दिवस २९ जून १९५० हा होय. ब्राझीलमधील बेलो होरिझोंते शहरात जागतिक चषकाच्या सामन्यात अमेरिकेची गाठ इंग्लंडशी पडली. इंग्लंडच्या बाजूने बिली राइट, टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेन्सन, आल्फ रॅम्से असे जगद्विख्यात खेळाडू उभे होते. सारे पोटासाठी फुटबॉल खेळणारे. अमेरिकेच्या अकरा जणांत पाच सेंट लुईसचे होते. गोलरक्षक फ्रँक बॉर्घी हा शववाहिका चालवी. हॅरी किओ टपाल खात्यात नोकरी करी. चार्ली कोलंबो, जिनो पॅरियानी आणि फ्रँक वॉलेस हे उरलेले तिघे. किओ सोडला तर बाकीचे चौघे एकाच वस्तीतले. तिचे नाव ‘द हिल’, म्हणजे टेकडी.

ह्या टेकडीवर उत्तर इटलीच्या लोम्बार्डी प्रांतातून लोक आले, ते तेथील चिकणमातीच्या खाणींत आणि विटांच्या भट्ट्यांवर काम करण्यासाठी. १९०३ साली तेथे संत अम्ब्रोज ह्यांच्या नावाने धर्मग्राम स्थापन झाले. संत अम्ब्रोज हे लोम्बार्डीतल्याच मिलान नगरीचे प्राचीन बिशप, तेव्हा गावाकडचा पालक संतही लोकांनी बरोबर आणला म्हणावयाचा. त्या वस्तीतील गल्ल्यांतून ही मुले वाढली. बॉर्घी मुळात बेसबॉलचा खेळाडू. चेंडू पायाने दूर मारणे त्याला कधीच धड जमले नाही. परंतु त्याचे हात मोठे आणि पकड भक्कम होती. चेंडू हाती आला की तो लाथेने न उडविता फेकून देई. दुसऱ्या महायुद्धात त्याने युरोपच्या रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा केली होती. इंग्लंडला चार-पाच गोलांवर रोखले तरी पुष्कळ झाले, एवढीच आपली आशा होती, असे तो पुढे सांगे.

पूर्वार्धात वॉल्टर बार ह्या फिलाडेल्फियाच्या शाळाशिक्षकाने मारलेल्या चेंडूला हैतीच्या जो गेटजेन्सने डोके लावले आणि गोल झाला. नंतर इंग्लंडने हल्ल्यांमागून हल्ले केले; बॉर्घीने सारे परतविले. सामना १–० असा संपला. हा सामना पाहण्यास अमेरिकेतून केवळ एक वार्ताहर गेला होता, तोही सेंट लुईसचाच. डेंट मॅकस्किमिंग त्याचे नाव. आपली हक्काची रजा घेऊन तो पदरच्या पैशाने ब्राझीलला गेला होता. त्याच स्पर्धेत अमेरिकेचा संघ स्पेन व चिली ह्यांच्याकडून हरला आणि घरी परतला. स्वागताला गर्दी नव्हती, सत्कार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापल्या कामावर गेला.

ह्याच मुलांचा ऑलिंपिकशीही संबंध होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पॅरियानी व कोलंबो अमेरिकेकडून खेळले. इटलीने त्यांचा ९–० असा पराभव केला. ज्यांनी दोन वर्षांनंतर इंग्लंडला नमविले, त्यांच्यापैकी काहींनी हा मार आधी खाल्ला होता, हे विसरता कामा नये. हॅरी किओ १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेला. मेलबर्नला युगोस्लाव्हियाने अमेरिकेवर ९–१ अशी मात केली.

मेलबर्न म्हटले की आपल्या वाचकांना दुसरेच नाव आठवेल. त्याच स्पर्धेत आसगावच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४–२ असा विजय मिळवून दिला होता. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो आशियाचा पहिला खेळाडू. उपान्त्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाने भारतालाही ४–१ असे हरविले. भारताचा तो एकमेव गोलही नेव्हिलचाच. सेंट लुईसचा टपाल नोकर आणि बार्देशचा हा तरुण एकाच स्पर्धेत उतरले आणि एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे हरले. दोघांच्याही मागे धर्मगुरूंनी रुजविलेल्या खेळाची परंपरा होती. गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय १८८३ साली तेथे आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्यांना दिले जाते, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

आता सेंट लुईसकडे परत वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या धर्मप्रांताच्या कॅथलिक युवक मंडळाने धर्मग्रामांच्या शाळाशाळांतून फुटबॉलची रीतसर बांधणी केली. प्रत्येक शाळेचा संघ, प्रत्येक वयाचा गट, आणि शिकविणारे म्हणजे मुलांचे बाप व काके. हजारो मुले ह्या व्यवस्थेतून गेली. मंडळाच्या क्रीडाविभागाचे काम पाहणारे बॉब गेल्कर ह्यांनी तेथील येशूसंघीयांच्या सेंट लुईस विद्यापीठात संघ उभा केला. १९५९ साली अमेरिकेतील विद्यापीठांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती ह्याच संघाने जिंकली. गेल्कर ह्यांच्या हाताखाली पाच अजिंक्यपदे झाली. त्यांच्यामागून शिक्षक म्हणून आला तो हॅरी किओ. टपालाची नोकरी सांभाळून त्याने आणखी पाच मिळविली. १९५९ पासून १९७३ पर्यंत पंधरा वर्षांत दहा अजिंक्यपदे! हा विक्रम आजतागायत कोणत्याही विद्यापीठाच्या पुरुष संघाला मोडता आलेला नाही. आणि हे खेळाडू आले कोठून? बहुतेक सारे त्याच शहराच्या धर्मग्रामांतून. पुढे १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकला अमेरिकेचा संघ पात्रता फेऱ्या पार करून गेला, तेव्हा त्याचे शिक्षक गेल्करच होते आणि सेंट लुईसचा अल ट्रॉस्ट त्या संघात होता.

ह्या यशाचे रहस्य काय, असे कोणी विचारील. त्या शहरात उत्तम मैदाने नव्हती, नामांकित परदेशी शिक्षक नव्हते. दहा वर्षांच्या कोणत्याही मुलाला, तो चपळ असो की मंद, आपल्या धर्मग्रामाच्या संघात जागा होती, एवढेच काय ते रहस्य. निवड पुढे होई; खेळ आधी सर्वांना मिळे. शंभर मुलांतून एक चांगला निघतो, तेव्हा शंभरांना मैदानात येऊ द्यावे लागते. कोणता मुलगा पुढे बॉर्घी होणार हे आठव्या वर्षी त्याच्या आईलाही सांगता येत नाही. उरलेले नव्व्याण्णव वाया जात नाहीत. त्यांतूनच पुढच्या पिढीचे शिक्षक, पंच आणि मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडणारे बाप तयार होतात.

परंतु ही व्यवस्था अजरामर नव्हती. १९५० साली सेंट लुईस शहराची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. २०२० साली ती ३,०१,५७८ भरली. कुटुंबे उपनगरांकडे गेली, शाळा ओस पडल्या, एकामागून एक धर्मग्रामे मिटली. देशात फुटबॉल वाढला, पण त्याबरोबर तो महागही झाला. आज अमेरिकेत होतकरू मुलाला चांगल्या क्लबात घालावयाचे, तर आईबापांना भरमसाट वर्गणी, गणवेशाचे पैसे आणि दूरगावच्या प्रवासाचा खर्च सोसावा लागतो. विटांच्या भट्टीवर राबणाऱ्या बापाच्या मुलाला ते परवडले नसते. इतर विद्यापीठांनी देशोदेशीचे खेळाडू आणून विद्यावेतने दिली, आणि १९७३ नंतर येशूसंघीयांच्या विद्यापीठाला अजिंक्यपद मिळालेले नाही.

२०२३ हे साल ह्या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहे. त्या वर्षी शहराचा नवा धंदेवाईक संघ देशातील सर्वोच्च साखळीत उतरला आणि पहिल्याच हंगामात पश्चिम विभागात पहिला आला. नवे क्रीडागार माणसांनी भरून वाहिले. त्याच वर्षी मे महिन्यात तेथील धर्मप्रांताने आपली १७८ धर्मग्रामे १३४ वर आणण्याची योजना जाहीर केली. खेळ पाहणाऱ्यांना भव्य जागा मिळाली, आणि ज्या लहान अंगणांतून तो खेळ जन्मला ती कमी झाली. एकाचा दोष दुसऱ्यावर नाही. काळाच्या ओघात दोन्ही घडले. तरी जाणत्या माणसाच्या मनाला ते लागल्यावाचून राहत नाही.

मात्र सारेच मावळले असे समजण्याचे कारण नाही. सेंट रोझचे तरुण पदक घेऊन घरी गेले, त्यानंतर १०४ वर्षांनी, २००८ साली, बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने ब्राझीलला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या संघात सेंट लुईसची लोरी चालुप्नी होती. लोरेटो भगिनींनी स्थापिलेल्या नेरिंक्स हॉल ह्या मुलींच्या शाळेत ती शिकली होती. १९०४ साली त्या शहराला रौप्य व कांस्य मिळाले होते. सुवर्ण आणले ते एका मुलीने. आपल्या गावांत मैदान हे मुलांचे आणि अंगण झाडणे मुलींचे, अशी वाटणी अजून कोठे चालू असेल, तर त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

गोवा असो, बेळगावकडील खेडी असोत, आपल्या बहुतेक धर्मग्रामांत चर्चच्या किंवा शाळेच्या बाजूला थोडी मोकळी जमीन असते. कधी तिच्यावर मंडप उभारतो, कधी वाहने लावतो, कधी बांधकामाची खडी पडून राहते. कोणी म्हणतो, तेथे सभागृह बांधू. कोणी म्हणतो, कुंपण घालून कुलूप लावू, पोरे खिडक्या फोडतात. खिडकीची काच बदलता येते. धर्मग्रामाच्या सभेत त्या जमिनीचा विषय निघेल तेव्हा एवढे अवश्य विचारावे की, शाळा सुटल्यावर गावातील मुलामुलींना चेंडू घेऊन जाण्यास ह्यावाचून दुसरी जागा आहे काय? नसेल, तर कुलूप लावण्यापूर्वी थांबावे. तेथे खेळणारा संघ पहिली काही वर्षे एकही गोल न करता हरेल. हरू द्यावा. सेंट रोझचाही हरला होता.